रोजकीर्दीतला चोर

साताऱ्याहून कराडकडे निघाले की पुणे-बेंगळुरू महामार्गावर, तारळी कृष्णेला मिळते तिथे उंब्रज लागते. समर्थांच्या अकरा मारुतींपैकी एक इथला. गावाला स्वतःचे पोलीस ठाणे आहे आणि त्या ठाण्याचा दिवस बराचसा रस्ताच ठरवतो. अपघात, उसाच्या ट्रॉल्या, रात्रीच्या चोऱ्या आणि पौषात पालच्या खंडोबाच्या यात्रेचा बंदोबस्त अशी ही कामे. अशा ठाण्याच्या दारात पासबुके आणि ठेवपावत्या घेऊन माणसे उभी राहतात, तेव्हा ठाणे अंमलदारासमोर वेगळ्याच जातीचा गुन्हा येतो. कुलूप तुटलेले नसते, कुणाला मारहाण झालेली नसते, पंचनामा करायला घटनास्थळ नसते. चोर बहुधा पळालेलाही नसतो. तो गावातच असतो, आणि गेल्या वर्षीपर्यंत तक्रारदारांनीच त्याला व्यासपीठावर बसवून शाल-नारळ दिलेला असतो.

या गुन्ह्याला नाव मिळाले ते अमेरिकेत. समाजशास्त्रज्ञ एडविन सदरलँड यांनी २७ डिसेंबर १९३९ रोजी फिलाडेल्फियातल्या भाषणात मांडले की गुन्हा म्हणजे गरिबांचा उद्योग ही समजूत चूक आहे. प्रतिष्ठित माणूस आपल्या धंद्याच्या, पदाच्या ओघात जे करतो तेही गुन्हेच असतात, फक्त ते मोजले जात नाहीत. त्यांनी वापरलेल्या 'पांढऱ्या कॉलर'चे मराठीत 'पांढरपेशा' झाले. हा शब्द आपल्याकडे आधीपासून होता, कारकून-मास्तर-वकिलांसाठी, हाताला माती न लागणाऱ्यांसाठी. सातारा-सांगलीकडे मात्र पांढऱ्याला आणखी एक अर्थ आहे. पांढरी टोपी आणि पांढरा नेहरू शर्ट हा सहकाराचा पोशाख आहे. साखर कारखाने, दूध संघ, बँका, पतसंस्था यांनी हा पट्टा उभा केला. पैसा त्याच पाटांतून वाहतो, म्हणून पाट फोडणाराही तिथेच बसतो. चोरी करायला त्याला पहारी लागत नाहीत. सहीचा अधिकार पुरतो.

देशाच्या पातळीवर हा विषय नवा नाही. विधी आयोगाने १९६६ च्या एकोणतिसाव्या आणि १९७२ च्या सत्तेचाळिसाव्या अहवालात सामाजिक-आर्थिक गुन्ह्यांचा स्वतंत्र विचार केला होता. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या हिशेबात २०२२ मध्ये देशात १,९३,३८५ आर्थिक गुन्हे नोंदले गेले, आदल्या वर्षी ते १,७४,०१३ होते. पण ही नोंद झालेल्यांची गणती आहे. पांढरपेशा गुन्हा घडतो एका दिवशी आणि कळतो काही वर्षांनी, म्हणून त्याचा आकडा नेहमी उशिरा येतो.

चार वाटा

या भागात हा गुन्हा ठाण्यापर्यंत साधारण चार वाटांनी येतो.

पहिली वाट संस्थेच्या आतून. सर्वांत साधा प्रकार पिग्मीचा. रोज दुकानादुकानांतून फिरणारा एजंट ग्राहकाच्या कार्डावर रक्कम लिहितो आणि संस्थेत कमी भरतो, किंवा भरतच नाही. पिग्मीची पद्धत १९२८ मध्ये सिंडिकेट बँकेने उडुपीकडे सुरू केली. लहान माणसाला बचत लावणारी ही उत्तम युक्ती आहे, आणि तिचा कच्चा दुवाही तोच माणूस आहे जो रोज दारात येतो. दुसरा प्रकार बनावट सोनेतारणाचा. मूल्यांकन करणारा सराफ आणि शाखेतला कुणी मिळाले की पितळेवर सोन्याचे कर्ज निघते, आणि व्याज वेळेवर भरले जाते तोवर डबी कुणी उघडत नाही. तिसरा प्रकार मोठा असतो. संचालकांच्या नात्यागोत्यात, ज्यांना आपल्या नावावर कर्ज आहे हे ठाऊकही नाही अशांच्या नावावर, किंवा एकाच जमिनीच्या दोन-तीन तारणांवर कर्जे दिली जातात. ती थकली की जुने कर्ज फेडायला नवे मंजूर होते, आणि कागदोपत्री थकबाकी शून्य दिसते.

दुसरी वाट योजनेची. दामदुप्पट, साखळी, 'शेअर बाजारातून महिन्याला इतके टक्के' अशी तिची नावे बदलत राहतात. पुण्याच्या समृद्ध जीवन कंपनीने शेळ्या-म्हशी पाळण्याच्या नावाने पैसे घेतले आणि सेबीला ती योजना थांबवावी लागली. तामिळनाडूत २०१२ मध्ये इमूपालनाच्या कंपन्या बुडाल्या. त्या धड्यानंतरही २०१९ मध्ये वाळवा तालुक्यातल्या इस्लामपुरात कडकनाथ कोंबडीपालनाचा धंदा उभा राहिला. त्याकडे पुढे सविस्तर येऊ.

तिसरी वाट व्यापाराची. तासगावकडचा द्राक्षबागायतदार परप्रांतीय व्यापाऱ्याला उधारीवर माल देतो, सुरुवातीच्या गाड्यांचे पैसे चोख मिळतात, आणि हंगाम भरात आला की व्यापारी गायब होतो. ऊस वाहतूकदार मुकादमाला लाखोंची उचल देतो आणि टोळी येतच नाही. चौथी वाट मोबाइलची: बनावट गुंतवणूक गट, 'डिजिटल अटके'ची धमकी, आणि त्या पैशांसाठी भाड्याने घेतलेली बँक खाती.

या चारही वाटांवरच्या फसवणुकीत एक खूण सारखी आहे. सुरुवातीला पैसे मिळतात. एजंट चार वर्षे चोख असतो, योजनेचे पहिले हप्ते वेळेवर येतात, व्यापाऱ्याच्या पहिल्या गाड्यांची रोकड जागेवर मिळते. विश्वास हे या गुन्ह्याचे भांडवल असते, आणि ते फिर्यादीकडूनच उभे केले जाते.

पाटी एक, मालक तीन

ठेवीदाराची पहिली गफलत पाटीवर होते. बाजारपेठेत शेजारी शेजारी तीन काचेची दारे असतात. एक नागरी सहकारी बँक, दुसरी पतसंस्था, तिसरी 'मल्टिस्टेट', म्हणजे बहुराज्य सहकारी पतसंस्था. काउंटर सारखे, पासबुक सारखे, व्याज मात्र पतसंस्थेत थोडे जास्त. पण त्यांच्यावर लक्ष ठेवणारे वेगळे आहेत. बँकेवर रिझर्व्ह बँक आणि सहकार खाते दोघांची नजर असते. पतसंस्था १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाखाली निबंधकाच्या अखत्यारीत येते. मल्टिस्टेटचा निबंधक दिल्लीत बसतो.

याचा अर्थ संकटात कळतो. कराड जनता सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१७ मध्ये निर्बंध घातले आणि डिसेंबर २०२० मध्ये परवाना रद्द केला. ९९ टक्क्यांहून अधिक ठेवीदारांना ठेव विम्यातून पूर्ण रक्कम मिळेल, असे रिझर्व्ह बँकेने तेव्हाच जाहीर केले. कारण विम्याची मर्यादा फेब्रुवारी २०२० पासून एक लाखावरून पाच लाखांवर नेलेली होती, आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर तर निर्बंध लागल्यापासून ९० दिवसांत विम्याची रक्कम देण्याची तरतूद झाली. पतसंस्थेच्या ठेवीला हा विमा नाही. मल्टिस्टेट पतसंस्थेच्याही नाही. बीडच्या ज्ञानराधा मल्टिस्टेटने २०२३ मध्ये पैसे देणे थांबवले तेव्हा लाखो ठेवीदारांना हे उमगले. त्यांच्यासाठी उरली ती पोलीस ठाण्याची पायरी.

इथे एक गोष्ट स्पष्ट हवी. बुडालेली प्रत्येक बँक गुन्ह्याने बुडत नाही. चुकीचे कर्ज, पडलेला धंदा, दुष्काळ, राजकीय हट्ट यांनीही बँका बुडतात. तोटा आणि चोरी यांतला फरक शोधणे हेच तपासाचे पहिले काम.

अर्ज, चौकशी, गुन्हा

ठाण्यात आलेल्या माणसाला वाटते की आज तक्रार दिली, उद्या चेअरमन आत. प्रत्यक्षात आधी अर्ज घेतला जातो आणि 'अर्ज चौकशी' सुरू होते. याचा ठेवीदारांना राग येतो आणि कधी कधी तो रास्तही असतो, कारण चौकशीच्या महिन्यांत मालमत्ता बायको-मेव्हण्याच्या नावावर जातात. पण कायद्याने इथे जागा ठेवली आहे. दखलपात्र गुन्हा दिसला की फिर्याद घेतलीच पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने ललिता कुमारी खटल्यात २०१३ मध्ये सांगितले. त्याच निकालात व्यापारी व्यवहारांच्या तक्रारींत प्राथमिक चौकशीला मुभा दिली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने ती मुभा कलमात बसवली. तीन वर्षे किंवा अधिक, पण सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात उपअधीक्षकाच्या परवानगीने चौदा दिवसांत प्राथमिक चौकशी पुरी करायची.

कलमेही बदलली. बोलीत अजून 'चारशेवीस' म्हणतात, पण फसवणूक आता भारतीय न्याय संहितेच्या ३१८ व्या कलमात आहे आणि विश्वासघात ३१६ व्या. बँकर, व्यापारी, दलाल किंवा लोकसेवकाने केलेल्या विश्वासघाताला जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. हे कलम लागले तर दोषारोपपत्राला ९० दिवस मिळतात. नुसती फसवणूक असेल तर ६०. त्या मुदतीत दोषारोपपत्र गेले नाही तर आरोपीला जामिनाचा हक्कच मिळतो. त्यामुळे सुरुवातीला कोणते कलम लावले यावर पुढचे बरेच अवलंबून असते.

वकील नेमका वाद घालतो तो हेतूवर. घेतलेले पैसे परत न देणे हा दिवाणी दावा आहे, घेतानाच बुडवायचे ठरवले असेल तरच ती फसवणूक. ऊसतोडीच्या उचलीच्या तक्रारी इथेच अडतात. मुकादमाने टोळी आणली नाही हा करारभंग की कट? एकाच मुकादमाने एकाच हंगामात पाच वाहतूकदारांकडून उचल घेतली असेल तर उत्तर सापडते. पण त्यासाठी पाच ठाण्यांतले पाच अर्ज एकाने एकत्र वाचायला हवेत.

कागदाला बोलते करणे

खुनाच्या तपासात पोलीस आधी माणसाला शोधतात. इथे आधी कागद ताब्यात घ्यावा लागतो, कारण आरोपी कुठे जाणार नसतो, पण कपाट जाऊ शकते. रोजकीर्द, खतावणी, कर्ज मंजुरीचे ठराव, संचालक मंडळाचे इतिवृत्त, तारणाच्या नोंदी आणि ज्या संगणकावर हिशेब चालतो त्याची पूर्ण प्रत मिळवावी लागते. आता झडती आणि जप्तीचे ध्वनिचित्रमुद्रण बंधनकारक आहे. संगणकीय नोंदीसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ६३ व्या कलमाचे प्रमाणपत्र लागते. त्यात त्या नोंदीचा हॅश, म्हणजे तिच्या बोटाचा ठसाच, द्यावा लागतो. लहान संस्थांचे सॉफ्टवेअर कुणा स्थानिक विक्रेत्याने बसवलेले असते. तो माणूस तपासात चेअरमनइतकाच महत्त्वाचा, कारण कोणत्या तारखेला, कोणाच्या लॉगिनने नोंद मागे जाऊन बदलली हे त्याच्याच सर्व्हरवर असते.

मग जुळवणी. ग्राहकाचे पासबुक आणि संस्थेची खतावणी शेजारी ठेवली की पिग्मीचा फरक दिसतो. कर्जदाराचा जबाब घेतला की "माझी सही नाही" बाहेर येते, आणि सही पुण्याला दस्तऐवज परीक्षकाकडे जाते. कर्जाची रक्कम कर्जदाराच्या खात्यात किती तास होती आणि तिथून कुठे गेली, हे बँक विवरण सांगते. बँकेच्या वह्यांच्या प्रमाणित नकला पुराव्यात चालतात, ही सोय १८९१ च्या कायद्याने करून ठेवली आहे. सातबारा, फेरफार, दुय्यम निबंधकाकडची सूची क्रमांक दोन, परिवहन कार्यालयातल्या गाड्या, कंपनी निबंधकाकडचे संचालक. यांतून चोरीचा पैसा जमीन, बंगला, जेसीबी कसा झाला ते कळते. पैसा नाव बदलत पळतो. कागद मात्र जागच्या जागी राहतो.

हे काम महामार्गावरच्या ठाण्याचे नव्हे, म्हणून मोठी प्रकरणे जिल्ह्याच्या आर्थिक गुन्हे शाखेकडे जातात. तिथेही अडचण आहे. ताळेबंद वाचू शकणारा तपासी अधिकारी घडायला वर्षे लागतात आणि त्याची बदली व्हायला एक आदेश पुरतो. नव्या अधिकाऱ्याला दोन कपाटे कागद पहिल्यापासून वाचावे लागतात. न्यायवैद्यक लेखापरीक्षक नेमला तर त्याचा अहवाल तपासाचा कणा होतो. तो वेळेत आला नाही तर दोषारोपपत्र कण्याशिवाय जाते.

सहकारात आणखी एक वाट आहे, आणि तिचा उपयोग कमी होतो. सहकार कायद्याच्या ८१ व्या कलमानुसार लेखापरीक्षकाला हिशेबात गुन्हा आढळला तर त्यानेच फिर्याद द्यायची आहे, आणि त्याने ती टाळली तर त्याच्यावरही कारवाई होऊ शकते. ८३ व्या कलमाखाली निबंधक चौकशी करतो, ८८ व्या कलमाखाली नुकसानीची जबाबदारी संचालकांवर व्यक्तिशः निश्चित होते. पोलिसांची फौजदारी आणि निबंधकाची वसुली एकमेकांचे कागद वाचत चालल्या तर संचालकाची जमीन वेळेत अडकते. दोघे आपापल्या फायली घेऊन बसले तर ती विकली जाते.

जुन्या प्रकरणांनी काय शिकवले

महाराष्ट्राने या गुन्ह्याचे बहुतेक धडे महागात घेतले आहेत.

बेळगावच्या खानापूरकडच्या अब्दुल करीम तेलगीने मुद्रांकांचा बनावट धंदा देशभर पसरवला. पुण्याच्या बंडगार्डन ठाण्यात २००२ मध्ये गुन्हा नोंदला गेला आणि पुढे तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला. २००६-०७ मध्ये त्याला शिक्षा झाली, २०१७ मध्ये तो मेला. या प्रकरणात पोलीस अधिकारीही आरोपी झाले, त्यांतले काही पुढे निर्दोष सुटले. पण बनावट मुद्रांक हटवले ते फ्रँकिंग आणि ई-मुद्रांकाने. छापील कागदावरचे अवलंबित्व कमी झाले तशी नकलेची बाजारपेठ आटली.

२००२ मध्येच होम ट्रेड या दलाल कंपनीचे प्रकरण उघड झाले. नागपूर जिल्हा मध्यवर्ती बँकेने सरकारी रोख्यांसाठी दलालांना सुमारे दीडशे कोटी दिले, रोखे आलेच नाहीत. खटल्याचा निकाल डिसेंबर २०२३ मध्ये लागला आणि बँकेचे तत्कालीन अध्यक्ष, पुढे मंत्री झालेले सुनील केदार यांना पाच वर्षांची शिक्षा झाली. त्याविरुद्ध ते वरच्या न्यायालयात गेले. गुन्हा आणि पहिला निकाल यांत एकवीस वर्षे गेली, यात ठेवीदार शेतकऱ्याची एक पिढी संपते.

मुंबईच्या पीएमसी बँकेत २०१९ मध्ये दिसले की एकाच बांधकाम समूहाची ४४ कर्जखाती लपवायला २१,०४९ बनावट खाती उभी केली होती. तपासणीला आलेल्यांना यादी दाखवली जात होती, आणि यादीच खोटी होती. पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर ऑगस्ट २०१८ मध्ये सायबर हल्ला झाला. दोन दिवसांत सुमारे ९४ कोटी गेले. बनावट कार्डांनी २८ देशांतल्या एटीएममधून पैसे निघाले, काही आपल्या कोल्हापुरातूनही. सूत्रधार परदेशात राहिले. पोलिसांच्या हाती आली ती एटीएमसमोर उभी राहिलेली माणसे. २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने अकरा जणांना दोषी ठरवले.

आणि आपल्या दारातला कडकनाथ. मध्य प्रदेशातल्या झाबुआच्या या काळ्या कोंबडीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि तिच्या औषधी गुणांच्या कथा पसरल्या. इस्लामपूरच्या कंपनीने शेतकऱ्याशी करार केला. पैसे भरा, पिल्ले घ्या, खाद्य-औषध आम्ही देऊ, अंडी चढ्या भावाने आम्हीच घेऊ. अंडी कुणाला विकणार हा प्रश्न कुणी विचारला नाही, कारण अंड्यांचे पैसे येत होते. ते नव्या शेतकऱ्यांनी भरलेल्या रकमेतून येत असतील ही शंका यायला व्यवहार थांबावा लागला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेच्या महापुरात सांगली बुडाली, त्याच सुमारास शेडमध्ये खाद्य येणे बंद झाले. शेतकऱ्यांच्या हाती अशा कोंबड्या राहिल्या ज्यांना खाऊ घालणे परवडत नव्हते आणि विकायला बाजार नव्हता. संघटनांनी फसवणुकीचा आकडा शेकडो कोटींत सांगितला.

अशा योजनेत तपासापुढचा पहिला प्रश्न असतो: ही ठेव आहे की कोंबडीची खरेदी? कंपनीचा वकील सांगतो की आम्ही ठेव घेतलीच नाही, माल विकला. उत्तर १९९९ च्या महाराष्ट्र ठेवीदारांच्या हितसंबंधांचे संरक्षण कायद्यात आहे, ज्याला सगळे 'एमपीआयडी' म्हणतात. त्यात ठेवीची व्याख्या मुद्दाम रुंद ठेवली आहे. परतफेड रोखीत, वस्तूत की सेवेत, याला महत्त्व नाही. राष्ट्रीय स्पॉट एक्स्चेंजच्या ५,६०० कोटींच्या प्रकरणात हाच वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि एप्रिल २०२२ मध्ये निकाल राज्य सरकारच्या, म्हणजे ठेवीदारांच्या बाजूने लागला.

अटक आणि परतावा

पोलिसांचे यश अटकेत मोजले जाते. ठेवीदाराचे माप एकच: पैसे मिळाले का? या दोन मापांतले अंतर हाच या सगळ्या प्रश्नाचा गाभा आहे.

एमपीआयडी हे अंतर कमी करायला आला. त्याखाली आरोपीच्या मालमत्तांची यादी पोलीस करतात, शासन राजपत्रात अधिसूचना काढते, प्रांत किंवा उपजिल्हाधिकारी दर्जाचा सक्षम प्राधिकारी त्या ताब्यात घेतो, विशेष न्यायालय जप्ती कायम करते, लिलाव होतो आणि रक्कम ठेवीदारांत प्रमाणात वाटली जाते. कागदावर ही साखळी सरळ आहे. प्रत्यक्षात प्रत्येक कडीला हरकती आहेत. जमिनीवर आधीच बँकेचा बोजा असतो, भाऊबंदांचा हिस्सा असतो, लिलावाला बोली येत नाही. म्हातारी माणसे पावतीची झेरॉक्स घेऊन दर तारखेला साताऱ्याला जातात आणि दरवर्षी त्यांतली काही कमी होतात.

नागरिक सुरक्षा संहितेच्या १०७ व्या कलमाने एक जवळची वाट दिली आहे. गुन्ह्यातून आलेली मालमत्ता न्यायालय खटला संपण्याआधी जप्त करू शकते आणि जिल्हाधिकाऱ्यामार्फत साठ दिवसांत पीडितांना वाटायला सांगू शकते. फिर्यादीला तपासाची प्रगती ९० दिवसांत कळवणेही आता पोलिसांवर बंधनकारक आहे. या तरतुदी वापरल्या जातात की छापीलच राहतात, हे एखाद्या जिल्ह्याच्या अधीक्षकाच्या चिकाटीवर ठरेल. म्हणून तपास सुरू होताना पहिल्या आठवड्यात दोन याद्या हव्यात, आरोपींची आणि मालमत्तांची. आजवर पहिली लवकर होते आणि दुसरी राहून जाते.

ऑनलाइन फसवणुकीत आठवडाही मोठा. तिथे तास मोजतात. १९३० या क्रमांकावर लगेच तक्रार गेली तर पैसे ज्या खात्यांतून फिरत आहेत ती खाती बँका थोपवू शकतात. उशीर झाला की रक्कम पाच-सहा खात्यांतून रोखीत उतरते. त्यातली पहिली खाती बहुतेकदा आपल्यासारख्याच गावांतल्या मुलांची असतात, काही हजारांच्या भाड्याने दिलेली. त्या मुलाला आपण कशात आहोत हे पोलीस दारात आल्यावर कळते. उलट बाजूही पाहावी. त्या साखळीतले काही शे रुपये एखाद्या किराणा दुकानदाराच्या खात्यात आले म्हणून त्याचे सगळे खाते गोठते, आणि परराज्यातल्या ठाण्याशी पत्रव्यवहार करता करता त्याचा हंगाम जातो. गोठवायची ती संशयित रक्कम, सरसकट खाते नव्हे, एवढी काळजी तपासाने घ्यायला हवी.

प्रतिबंध कुठे होतो

वरची प्रकरणे एकत्र ठेवली की एक गोष्ट दिसते. शिक्षा उशिरा झाली, आणि पुढचा गुन्हा थांबला तो बहुतेक वेळा व्यवस्था बदलल्याने. मुद्रांक यंत्रावर आले, सरकारी रोखे दलालाच्या कपाटातून डिमॅटमध्ये गेले, पीएमसीनंतर २०२० च्या दुरुस्तीने सहकारी बँकांवरचा रिझर्व्ह बँकेचा अधिकार वाढला. २०१९ च्या कायद्याने अनियंत्रित ठेव योजना सुरू करणे हाच गुन्हा ठरला, बुडण्याची वाट पाहावी लागत नाही. बेकायदा ठेवी गोळा होताना दिसल्या तर रिझर्व्ह बँकेच्या 'सचेत' संकेतस्थळावर आधीच कळवता येते.

म्हणजे पोलिसांना आता आधी हात घालता येतो. महामार्गावरच्या हॉटेलच्या सभागृहात 'महिन्याला दहा टक्के'चा मेळावा भरतो, बक्षिसाची गाडी दारात उभी असते, तेव्हा त्या कंपनीकडे कुणाची परवानगी आहे एवढा प्रश्न गोपनीय शाखेचा हवालदार विचारू शकतो. कोल्हापूरच्या ए. एस. ट्रेडर्स या गुंतवणूक कंपनीच्या प्रकरणात २०२२ मध्ये गुन्हा दाखल होण्याआधी असे मेळावे झाले होते. मुंबईत २०२५ च्या जानेवारीत टोरेसच्या दुकानांसमोर गर्दी झाली, तोवर चमकदार खड्यांवर आठवड्याला परतावा देणाऱ्या त्या योजनेची जाहिरात उघड चालू होती. हे गुन्हे गुप्त नसतात. ते मांडव घालून होतात. पण पाहुणे म्हणून बोलावलेल्यांना ते दिसत नाहीत, कारण व्यासपीठावर ओळखीचे चेहरे असतात, आणि कधी त्यांत खाकीही असते. गणवेशातल्या माणसाने अशा कार्यक्रमाला हजेरी न लावणे हाही प्रतिबंधच आहे, आणि त्याला निधी लागत नाही.

उरते ते काम पोलिसांचे नाही. संस्थेला लेखापरीक्षणात कोणता वर्ग मिळाला, 'अ' की 'क'? सोनेतारणाच्या डब्या शाखाधिकारी सोडून कुणी उघडून पाहिल्या का? पिग्मीच्या कार्डाची संस्थेच्या खात्याशी सहा महिन्यांतून एकदा पडताळणी होते का? शेजारच्या संस्थेपेक्षा दोन टक्के व्याज जास्त का मिळते? हे प्रश्न विचारायला कायदा शिकावा लागत नाही, फक्त तोंड उघडावे लागते. आणि आपल्याकडे तेच अवघड आहे. चेअरमन नात्यातला असतो, त्याने मुलाला नोकरी लावलेली असते, त्याच्या गटाविरुद्ध बोलणे म्हणजे उसाच्या तोडीपासून दुधाच्या फॅटपर्यंत सगळीकडे वैर घेणे. या भागात पांढरपेशा गुन्ह्याला संरक्षण मिळते ते अशा मिंधेपणातून.

सप्टेंबरअखेर संस्थांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा भरतात. मंगल कार्यालयात खुर्च्या लागतात, दीपप्रज्वलन होते, सचिव विषयपत्रिकेवरचा एकेक विषय वाचतो आणि मागून 'मंजूर, मंजूर' असा आवाज उठतो. हातात दिलेल्या अहवालाच्या मागच्या पानांवर लेखापरीक्षकाचे शेरे बारीक अक्षरांत छापलेले असतात: अमुक कर्जांची कागदपत्रे अपुरी, तमुक शाखेची रोख जुळत नाही, संचालकांच्या नातेवाइकांची येणी वाढली. तीन-चार वर्षांनी तपासी अधिकारी हाच अहवाल पंचांसमक्ष जप्त करतो, त्यावर क्रमांक टाकतो आणि न्यायालयात पुरावा म्हणून मांडतो. सभेच्या दिवशी तो सभासदांच्या मांडीवर असतो, आणि बहुतेकांनी त्यावर वडापावची कागदी ताटली ठेवलेली असते.